पहिला नंबर गिअर ऑइलचा

तालुका पातळीवरच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याची वेळ आमच्यावर अधूनमधून येते. तिथले बरेचसे प्रकल्प आता ओळखीचे झाले आहेत : सोड्याचा ज्वालामुखी, पुठ्ठ्याची पवनचक्की, ठिबक सिंचनाचे प्रारूप. मागच्या खेपेला मात्र एका कोपऱ्यातून मोटरीची घरघर आणि तेलाचा वास आला आणि आमचे पाय आपोआप तिकडे वळले.

मोटर जुन्या पाणीपंपाची होती. तिच्या दांड्यावर भंगारातल्या बेअरिंगची पोलादी कडी घट्ट बसवलेली. कडीचा खालचा भाग पत्र्याच्या वाटीतल्या तेलात बुडलेला, त्यामुळे फिरताना ती स्वतःबरोबर तेल वर घेऊन येई. वरून एक लहान पोलादी रोलर कडीवर टेकवलेला, त्याला दाबायला तरफ, आणि तरफेच्या लांब टोकाला वाण्याकडची वजने. मोटर १० मिनिटे चालवायची, मग रोलर काढून त्यावर पडलेला झिजेचा ठसा प्रयोगशाळेतल्या चल सूक्ष्मदर्शीने मोजायचा. वाटी डिझेलने धुवायची, रोलर थोडा फिरवून कोरी जागा पुढे आणायची आणि पुढचे तेल ओतायचे. नववीतल्या तीन मुली आणि त्यांचे विज्ञानाचे सर यांनी हे सगळे भंगारवाल्याकडून जमवले होते. तरफेचा धडा शिकवायला याहून चांगले साधन आम्ही अलीकडे पाहिलेले नाही.

तेलाचे नमुने सात होते. चार पेट्रोल गाड्यांची इंजिन तेले, एक ट्रक-ट्रॅक्टरचे डिझेल इंजिनाचे तेल, एक गिअरबॉक्सचे तेल, आणि एका मुलीच्या आजोबांच्या आग्रहावरून घेतलेले एरंडेल. तरफेवरचा भार ठशाच्या क्षेत्रफळाने भागून मुलींनी प्रत्येक तेलासाठी एक आकडा काढला होता, किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, आणि त्याला 'संरक्षणक्षमता' असे नाव दिले होते. तक्त्याचे शीर्षक होते, 'गाडीच्या इंजिनाचे सर्वोत्तम संरक्षण कोणते तेल करते?' पहिला नंबर गिअर ऑइलचा. दुसरा डिझेल तेलाचा. तिसरे एरंडेल. त्याखाली पेट्रोल गाड्यांची तेले, आणि अगदी तळाला, सरांच्या नव्या गाडीच्या पुस्तिकेत जे घालायला सांगितले आहे ते पातळ तेल.

आम्ही या प्रकल्पाला पहिला क्रमांक दिला. एवढेच नव्हे, उत्साहाच्या भरात तक्त्याखाली 'अतिशय उपयुक्त निष्कर्ष' असा शेरा लिहून सही केली. काही महिन्यांनी त्याच तक्त्याचे छायाचित्र या फोनवरून त्या फोनवर फिरत आमच्या एका सहकाऱ्याकडे पोचले. त्याने आमची सही ओळखली आणि विचारले, "काय हो, तुम्ही लोकांना इंजिनात गिअर ऑइल घालायला सांगता?"

त्या तक्त्याचे जे परीक्षण आम्ही तेव्हा करायला हवे होते ते आता करीत आहोत. प्रयोगात लबाडी नव्हती, मोजमाप काळजीपूर्वक होते, आणि तक्त्यावरचे आकडे आम्हाला आजही खोटे वाटत नाहीत. खोटे होते ते शीर्षक. आणि शीर्षक तपासणे हे परीक्षकाचे काम असते.

प्रथम त्या आकड्याचा अर्थ पाहू. रोलर आणि कडी सुरुवातीला एका बारीकशा रेषेवर टेकतात. टेकण्याचे क्षेत्रफळ नगण्य असल्यामुळे थोड्या वजनानेही तिथला दाब प्रचंड होतो. एवढ्या दाबाखाली तेलाचा पदर टिकत नाही, धातूला धातू लागते आणि रोलर झिजू लागतो. पण झिजताना ठसा पसरतो, क्षेत्रफळ वाढते, दाब उतरतो. शेवटी अशी वेळ येते की उरलेला दाब तेलाला पेलवतो आणि झीज मंदावते. मुलींचा आकडा म्हणजे झीज मंदावली तेव्हा उरलेला दाब. खोलीच्या तापमानाजवळ, त्या मोटरीच्या वेगाला, त्या पोलादावर, १० मिनिटांत. यातला एकही शब्द गाळून तो आकडा वापरता येत नाही.

आता इंजिनात काय घडते? इथे थोडे मागे जावे लागेल. १८८० च्या दशकात इंग्लंडमधल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेसाठी बोशाँप टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगचे घर्षण मोजत होता. फिरणारा आस खालून तेलात बुडलेला होता आणि बेअरिंगचा अर्धा कवच त्यावर वरून बसवलेला. कवचाला वर तेल सोडण्यासाठी एक भोक पाडलेले होते. यंत्र चालू केले, तर त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. टॉवरने भोकात बूच मारले. ते वर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू बाहेर आली. मग त्याने तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलोग्रॅम होता. दाबमापकाचा काटा २०० पौंडांच्याही पुढे गेला. तेल नुसते दोन धातूंच्या मध्ये पसरलेले नव्हते, त्याने आख्खे बेअरिंग आसावरून उचलून धरले होते. टॉवरचा हा अहवाल १८८३ चा. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये त्यामागचे गणित मांडले : फिरणारा आस चिकट द्रवाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, आणि त्या कोंडीतून जो दाब तयार होतो तो भार पेलतो. पाण्याने भरलेल्या रस्त्यावर वेगात जाणाऱ्या गाडीचे टायर पाण्यावर तरंगून घसरते, तीही याच कुळातली गोष्ट.

मोटारीच्या इंजिनातली क्रँकची बेअरिंगे अशीच तरंगत चालतात. त्यांतला तेलाचा पदर काही मायक्रॉनांचा, भार सर्वाधिक असतो तेव्हा तर एखाद्या मायक्रॉनाचाच असतो. आपला केस ५० ते ८० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. पण एवढा पदर टिकला तर धातू धातूला लागत नाही, आणि मग तेलात झीज रोखणारी कोणती रसायने आहेत याला तिथे फारसे महत्त्व उरत नाही. महत्त्व असते ते तेलाच्या दाटपणाला, पाठ्यपुस्तकात ज्याला श्यानता म्हणतात त्याला. तीही बाटलीतल्या थंड तेलाची नव्हे, तापलेल्या आणि बेअरिंगच्या अरुंद फटीत वेगाने रगडल्या जाणाऱ्या तेलाची. डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असे जे लिहिलेले असते त्या वर्गवारीत म्हणूनच १५० अंश सेल्सिअसला, तीव्र रगड देऊन केलेल्या मोजणीची अट आहे. ३० च्या वर्गातल्या तेलाची श्यानता तिथे किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद भरली पाहिजे. ४० च्या वर्गासाठी, 'डब्ल्यू'च्या आधी कोणता आकडा आहे त्यानुसार, ३.५ किंवा ३.७. मुलींच्या वाटीतले तेल कोमट होते. या गुणाची परीक्षा तिथे झालीच नाही.

जाता जाता गिअर ऑइलच्या नंबराविषयी. त्याच्या डब्यावर ९० हा आकडा असतो आणि इंजिन तेलाच्या डब्यावर ४०, म्हणून गिअर ऑइल दुपटीहून दाट, असा पुष्कळांचा समज आहे. या दोन निराळ्या मोजपट्ट्या आहेत. गिअर ऑइलचे ९० हे दाटपणात साधारण इंजिन तेलाच्या ४०-५० च्या आसपास बसते.

मग इंजिनात धातूला धातू लागते तरी कुठे? पिस्टन वर आणि खाली क्षणभर थांबतो तिथे, कारण वेग शून्य झाला की रेनॉल्ड्सची कोंडी संपते. आणि व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमवर, जिथे दोन वक्र पृष्ठभाग लहानशा जागेत एकमेकांवर घासतात. कॅमची जागा मुलींच्या यंत्राशी सगळ्यांत मिळतीजुळती आहे हे कबूल केले पाहिजे. इथे पदर तुटतो आणि संरक्षणाचे काम रसायनशास्त्राकडे जाते. जवळजवळ सगळ्या इंजिन तेलांत जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेले एक संयुग मिसळलेले असते. त्याचे नाव झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट. तेल खराब होऊ नये आणि बेअरिंगे गंजू नयेत म्हणून १९४० च्या दशकात ते तेलात आले, आणि झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर ध्यानात आला. घासणाऱ्या जागेच्या उष्णतेने आणि रगडीने हे संयुग फुटते आणि पोलादावर फॉस्फेटचा काचेसारखा थर बसतो. थराची जाडी मायक्रॉनाच्या दहाव्या भागाच्या आसपास. पुढची झीज या थराची होते, तो पुन्हा भरून येतो, आणि खालचे पोलाद वाचते. पण थर बसायला उष्णता लागते आणि वेळ लागतो. थंड वाटीत १० मिनिटांत तो पुरता बसत नाही.

गिअर ऑइलमधली गंधकाची संयुगे वेगळ्या घाईची असतात. गिअरच्या दात्यांवर अचानक पडणाऱ्या जबर दाबासाठीच ती निवडलेली असतात आणि लोखंडाशी चटकन अभिक्रिया करतात. मुलींच्या यंत्रावर गिअर ऑइल पहिले आले यात नवल नाही. ते यंत्र नकळत गिअरचीच परीक्षा घेत होते. तीच चटपटीत संयुगे तापलेल्या इंजिनात तांबे असलेल्या बेअरिंगच्या धातूला खाऊ शकतात, आणि काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी द्रव्ये गिअर ऑइलमध्ये नसतात, कारण गिअरबॉक्समध्ये काही जळत नाही.

तळाला गेलेल्या तेलाविषयीही असेच सांगता येते. फॉस्फरस धुराबरोबर बाहेर पडून धुराड्यातल्या उत्प्रेरकाला निकामी करतो. म्हणून पेट्रोल मोटारींच्या पातळ तेलांसाठी २००४ साली आलेल्या मानकाने त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांवर रोखले, पण ०.०६ च्या खालीही जाऊ दिले नाही, कारण मग कॅम झिजतात. ट्रकच्या तेलात ते सहसा जास्त असते. दुसऱ्या नंबराचे गूढ बहुधा एवढेच. अर्थात कंपनीची पुस्तिका म्हणजे वेदवाक्य, असेही आमचे म्हणणे नाही. पातळ तेल सुचवण्यामागे इंधनबचतीचे नियम पाळण्याची गरज हेही एक मोठे कारण असते, आणि ती सोय इंजिनाच्या आयुष्यासाठी सर्वांत चांगली असेलच असे नाही. मात्र ज्या इंजिनाच्या फटी, पंप आणि कॅमचे धातू त्या तेलासाठी बेतलेले आहेत त्यात ते तेल कसे वागते, याची परीक्षा पाणीपंपाच्या मोटरीवर होत नाही.

कॅमच्या झिजेसाठी तेल-उद्योगाने स्वतः कोणती परीक्षा ठरवली होती ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकी मानकांत अनेक वर्षे 'सीक्वेन्स फोर-ए' नावाची चाचणी होती. निसानचे २.४ लिटरचे खरेखुरे इंजिन १०० तास चालवायचे. पूर्ण वेगाने नव्हे हं! दर तासाला ५० मिनिटे मिनिटाला अवघे ८०० फेरे आणि १० मिनिटे १५०० फेरे. तेलाचे तापमान ४९ आणि ५९ अंश. म्हणजे सिग्नलला उभ्या असलेल्या, पुरत्या न तापलेल्या गाडीची अवस्था. आम्ही प्रथम वाचले तेव्हा हे उलटेच वाटले. पण विचार केला की पटते : वेग कमी म्हणून तेलाचा पदर पातळ, आणि तापमान कमी म्हणून फॉस्फेटचा थर बसायला उशीर. कॅमसाठी हीच खरी कठीण वेळ. शंभर तासांनंतर बाराही कॅमांची झीज प्रत्येकी सात जागी मोजायची, सातांची बेरीज करायची आणि बारांची सरासरी काढायची. ती ९० मायक्रॉनांच्या आत असली पाहिजे. २०२० च्या मानकापासून तिची जागा टोयोटाच्या दीड लिटर इंजिनावरच्या २०० तासांच्या चाचणीने घेतली आहे. आणि ही चाचणी फक्त कॅमच्या झिजेची. बेअरिंगच्या गंजासाठी वेगळे इंजिन, गाळासाठी वेगळे, तेल तापून घट्ट होण्यासाठी वेगळे, टायमिंग चेनच्या झिजेसाठी आणखी वेगळे. एका आकड्यात संरक्षण मावत असते तर एवढा खर्च कुणी केला नसता.

गॅरेजमध्ये तेल काढले आणि ते काळे दिसले की "बघा, तेल खराब झाले" असे मेकॅनिक म्हणतो, आणि आपण मान डोलावतो. पुष्कळदा ते तेल आपले काम चोख बजावत असते. काजळीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होऊ नयेत म्हणून तेलातली द्रव्ये त्यांना सुटे धरून ठेवतात. काजळी तेलात राहिली म्हणून तेल काळे, आणि इंजिन आतून स्वच्छ. एरंडेल इथेच हरते. धातूला धरून राहण्याचा त्याचा गुण खरा आहे. आजोबांच्या बैलगाडीच्या आसाचा अनुभव खोटा नव्हता. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत तेच वापरीत, आणि कॅस्ट्रॉल या नावाचा उगमही एरंडेलाच्या इंग्रजी नावात आहे. पण सतत तापत राहिले तर ते हवेतल्या ऑक्सिजनने डिंकासारखे होते आणि रिंगा चिकटवून टाकते. तक्त्यावर तिसरे आलेले तेल आजच्या मोटारीत काही महिन्यांत इंजिन उघडायला लावील.

वाचकांपैकी अनेकांकडे मोटार नसून दुचाकी असेल. तिथे तर 'जास्त निसरडे ते चांगले' हा हिशेबच उलटतो. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. तेल फार निसरडे झाले तर क्लचच्या चकत्या घसरतात. म्हणून जपानी मानकात अशा दुचाक्यांच्या तेलाचे घर्षण ठरावीक मर्यादेच्या खाली जाता कामा नये अशी अट आहे, आणि डब्यावर 'जासो एमए' असे लिहिलेले असते ते त्याच अटीचे चिन्ह.

मुलींचे यंत्र पाहताना आम्हाला आणखी एका यंत्राची आठवण व्हायला हवी होती. यंत्रसामग्रीच्या प्रदर्शनांत आणि जत्रांत त्याचे भाऊबंद दिसतात. फिरती कडी, वर दाबलेला ठोकळा. विक्रेता आधी साधे इंजिन तेल घालतो, तरफ दाबतो. कर्कश आवाज होतो आणि मोटर अडकते. मग तो आपल्या बाटलीतले चमचाभर द्रव्य घालतो. मोटर गुमान फिरू लागते. लोक थक्क होतात. ही युक्ती टिम्केन कंपनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणी-यंत्रावरून उचललेली आहे. ते यंत्र गिअर ऑइल आणि ग्रीस यांची भार पेलण्याची ताकद पाहण्यासाठी आहे. तिथे जिंकायचे असेल तर तेलात क्लोरीनयुक्त पॅराफिन घालावे. घासण्याच्या उष्णतेने क्लोरीन सुटतो, पोलादावर लोह क्लोराइडचा सहज कापला जाणारा थर बसतो, आणि यंत्र शांत होते. पण इंजिनात उष्णतेबरोबर पाण्याची वाफही असते. क्लोरीन, उष्णता आणि पाणी एकत्र आले की कोणते आम्ल तयार होते हे दहावीचा विद्यार्थीही सांगेल.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकात आणि त्यानंतर तेलात घालायच्या अशा द्रव्यांच्या अनेक विक्रेत्यांविरुद्ध पुराव्याविना दावे केल्याबद्दल कारवाई केली. त्यांतले २००१ चे एक प्रकरण शिक्षकांनी वर्गात सांगावे असे आहे. आयोगाचा आरोप असा की कंपनीने आपल्या द्रव्याची एका मान्यताप्राप्त इंजिन-चाचणीत परीक्षा करून घेतली. द्रव्य घातलेल्या तेलात बेअरिंगचा गंज नुसत्या तेलाच्या दुपटीहून अधिक निघाला. कंपनीने अहवालातून गंजाचे आकडे वगळले आणि उरलेला अहवाल जाहिरातीत वापरला. २००३ मध्ये तडजोड होऊन ते प्रकरण मिटले. आमच्या मुलींनी काहीही वगळले नव्हते. पण एकाच गुणाची मोजणी करून तिला 'संरक्षण' हे सर्वसमावेशक नाव दिले की वाचणाऱ्याच्या हाती येते ते तितकेच अपुरे असते, मग हेतू कितीही निर्मळ असो.

मग खऱ्या गाड्यांवरच तुलना का करू नये? अशी तुलना झाली आहे, आणि ती कुठल्या तेल कंपनीने केलेली नाही. अमेरिकेतल्या ग्राहकांच्या 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' या मासिकाने जुलै १९९६ च्या अंकात न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांची इंजिने एकाच जातीची, नव्याने बांधलेली. सुटे भाग आधी मोजून ठेवलेले. विसाच्या आसपास तेले वाटून दिली, प्रत्येक टॅक्सी ६०,००० मैल, म्हणजे जवळजवळ ९६,५०० किलोमीटर चालली. तेल ६,००० मैलांनी बदलले. शेवटी इंजिने उघडून भाग पुन्हा मोजले. तेलातेलांत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. महाग कृत्रिम तेल आणि स्वस्त खनिज तेल यांतही नाही.

हा प्रयोग आम्हाला फार आवडतो. शीर्षकातला प्रश्न आणि प्रत्यक्ष केलेली मोजणी यांत त्यात सर्वांत कमी अंतर आहे. पण त्याच्याकडूनही आपण नको तेवढे मागतो. शहरातली टॅक्सी पाळीपाळीने जवळजवळ दिवसभर चालते. तिचे इंजिन गार होतेच कुठे? आपल्या शिक्षकाची गाडी सकाळी दोन किलोमीटर शाळेपर्यंत जाते, दिवसभर उन्हात उभी राहते आणि संध्याकाळी दोन किलोमीटर परत येते. तिचे तेल पुरते तापतच नाही. त्यात पाणी आणि पेट्रोल साठत जाते. त्या गाडीविषयी न्यूयॉर्कची टॅक्सी फारसे काही सांगत नाही, आणि थंडीतल्या वारंवार सुरुवातीची परीक्षा आपल्या प्रयोगात नाही हे त्या मासिकाने स्वतःच मान्य केले होते. दुसरे असे की ७५ टॅक्सी आणि वीस तेले म्हटल्यावर एका तेलाच्या वाट्याला तीन-चारच टॅक्सी आल्या. एकाच जातीच्या दोन इंजिनांत आणि दोन चालकांच्या पायांतही फरक असतो. त्या गोंधळात तेलाचा लहानसा फरक बुडून जाईल. त्या प्रयोगाने एवढे दाखवले की मानकात उतरलेल्या तेलांत, सतत तापलेल्या इंजिनात, मोठा फरक नाही. आमच्या मते गाडीच्या मालकाला तेवढे पुष्कळ आहे. त्याने डब्यावरचा वर्ग आणि दर्जाची अक्षरे पुस्तिकेशी ताडून पाहावीत, वेळेवर तेल बदलावे, आणि जाहिरातीतल्या शर्यतींकडे पाहू नये. पण 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि पहिल्याचे दुसरे करण्याची घाई विज्ञानाच्या शिक्षकाने करू नये.

सरांना आम्ही पत्र लिहिले. आमच्या शेऱ्याची चूक कबूल केली आणि तीन गोष्टी सुचवल्या. एक म्हणजे तक्त्याचे शीर्षक बदलावे. दुसरी, बाटल्यांना कागद गुंडाळून एका मुलीने फक्त क्रमांक लिहावेत, आणि ठसा मोजणाऱ्या मुलीला कोणते तेल कोणते ते कळू देऊ नये. तिसरी, सात तेले एकेकदा तपासण्याऐवजी एकच तेल पाच वेळा तपासावे. हे आधी सुचवायला हवे होते, कारण पहिल्या तक्त्यात प्रत्येक तेलाची एकच फेरी होती. एका फेरीवरून काढलेल्या दोन आकड्यांत फरक दिसला तर तो तेलाचा, रोलरच्या जागेचा, की वाटी नीट न धुतल्याचा, हे सांगायला जागाच नसते.

उत्तर दिवाळीच्या सुट्टीनंतर आले. मुलींनी एकाच तेलाचे पाच ठसे काढले होते. त्यांच्यातला फरक तक्त्यावरच्या चौथ्या आणि सहाव्या नंबरांतल्या फरकापेक्षा मोठा निघाला, म्हणून ते नंबर त्यांनी खोडले होते. गिअर ऑइल मात्र कागद गुंडाळूनही पाचही वेळा पहिलेच आले. नव्या तक्त्याचे शीर्षक आहे, 'थंड तेलात, जबर दाबाखाली, पोलाद किती झिजते?' त्याखाली आम्ही आनंदाने पुन्हा सही करू.

आता त्या श्यानतेच्या मागे लागल्या आहेत. काचेची लांब नळी, तीत तेल, वरून सोडलेली सायकलच्या बेअरिंगची गोळी, आणि गोळी तळाला पोचायला लागणारा वेळ. नळी एकदा बर्फाच्या पाण्यात ठेवायची आणि एकदा गरम पाण्याच्या भांड्यात. तेल थेट आचेवर ठेवायचे नाही आणि वापरलेले काळे तेल हाताळायचे नाही, या दोन अटी आम्ही घातल्या आहेत. वापरलेल्या तेलातली काही द्रव्ये त्वचेला घातक असतात. बर्फातले आकडे सुरेख आले, पण गरम तेलातून गोळी इतकी झटकन खाली जाते की घड्याळ दाबेपर्यंत ती तळाला टेकलेली असते. नळी उभी धरण्याऐवजी तिरकी धरून गोळी काचेवरून घरंगळत जाऊ द्यावी, वेळ मोजता येईल, असे आम्ही कळवले आहे. कोन किती ठेवायचा हे त्यांनी ठरवायचे आहे. तो मात्र सगळ्या तेलांना एकच हवा.